उकिरड्यावरची पणती

माझे आजोळ वालूरचे. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात हे गाव आहे. लहानपणी दिवाळीची सुट्टी लागली, की आम्ही मुले आईबरोबर मुंबईहून निघायचो, आणि आधी आगगाडी, मग एस. टी. असा प्रवास करून अंगभर धूळ घेऊन आजीच्या दारात उतरायचो. फराळाचे डबे, मामाच्या बैलांची शिंगे रंगवणे, कापसाच्या ढिगात लोळणे, या साऱ्या मौजेत एक गोष्ट मात्र मला दरवर्षी कोड्यात टाकी. लक्ष्मीपूजन आटोपले, की आजी पणत्यांचे तबक घेऊन निघे. एक पणती तुळशीपाशी, एक गोठ्यात, एक विहिरीच्या काठावर, आणि शेवटची परसामागच्या उकिरड्यावर!

एका वर्षी मी न राहवून विचारले, "आजी, घाणीवर कशाला गं दिवा?"

आजी म्हणाली, "घाण नव्हं ती, बाई. तिच्या जिवावर शेत पिकतं. साऱ्या घराला उजेड अन् तिलाच तेवढा अंधार, असं कसं चालंल? बारा वर्सांनी उकिरड्याचाबी पांग फिटतो म्हंतात. आपुन दरसाल एक दिवा तर लावावा!"

मला तेव्हा हसू आले होते. पुढे लग्न होऊन मी चेंबूरला आले, देशातल्या एका फार मोठ्या उकिरड्यापासून थोड्याच अंतरावर संसार मांडला, आणि आजीच्या त्या शेवटच्या पणतीचा अर्थ मला हळूहळू, आणि जरा महागात, कळत गेला.

धुराची सकाळ

२०१६ सालच्या जानेवारीचा शेवटचा आठवडा. सकाळी उठून खिडकी उघडली, तर समोरची इमारत दिसेना. धुके म्हणावे, तर मुंबईत असले धुके कुठले? आणि धुक्याला असा जळक्या रबराचा वास कुठून येणार? थोड्याच वेळात बातमी कळली, की देवनारच्या कचराभूमीला आग लागली आहे. मुलगी तेव्हा सहावीत होती. तिची शाळा बंद. आसपासच्या अनेक शाळा बंद. दारेखिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून आम्ही घरात बसलो, तरी पोर रात्रभर खोकत होती. तिच्या उशाशी बसून तिची पाठ चोळताना माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता: कचऱ्याला आग लागते, ठीक आहे, पण इतके बंब पाणी ओतत असताना ती विझत का नाही?

धुराचा तो लोट अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या उपग्रहांनी अवकाशातून टिपला. मार्च महिन्यात पुन्हा आग भडकली. काडी कोणी टाकली याचा तपास झाला, तर्कवितर्क झाले. पण काडी कोणाचीही असो, त्या डोंगराच्या पोटात पेटायला वायू तयारच होता. त्याचे नाव मिथेन. आपण शेतकऱ्याच्या घरी ज्याला गोबर गॅस म्हणतो, त्यातला जळणारा भाग तो हाच!

आजीचा उकिरडा आणि शहराचा डोंगर

कचरा कुजतो म्हणजे काय होते? डोळ्यांना न दिसणारे जंतू त्याच्यावर जेवतात. या जंतूंच्या दोन पंगती असतात. पहिली पंगत हवेत जगणाऱ्यांची. त्यांना प्राणवायू मिळाला, की भाजीची देठे, पालापाचोळा, शिळे अन्न यांचे ते खत करतात. त्या कामात कार्बन डायॉक्साइड आणि ऊब बाहेर पडते. दुसरी पंगत बसते ती हवा संपल्यावर. ही मंडळी प्राणवायूच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. ओल आणि अंधार मिळाला, की ती आधी अन्नाची आम्ले करतात आणि मग त्या आम्लांपासून मिथेन.

आजीचा उकिरडा हात-दोन हात उंचीचा. त्यात शेण, गोठ्यातले उष्टे वैरण, चुलीतली राख, भाज्यांची साले. कोंबड्या तो दिवसभर उकरायच्या, आणि पावसाळ्याच्या तोंडी मामा गाड्या भरून तो शेतात नेऊन पसरायचा. त्याच्या तळाशी थोडाफार मिथेन होत असणारच. पण ढीग लहान, मोकळा आणि दरवर्षी रिकामा होणारा. त्याचा पांग फिटायला बारा वर्षे लागतच नसत.

देवनारला मुंबईचा कचरा १९२७ पासून पडत आला. जवळजवळ शंभर वर्षे! तिथे साचलेला कचरा सुमारे १ कोटी ८५ लाख टन असल्याचा महापालिकेचा अंदाज आहे. यात भाजी आहे, भात आहे, कापड आहे, प्लास्टिक आहे, आणि हे सारे एकात एक कालवलेले. वरचा थर खालच्या थराला दाबतो, प्लास्टिकच्या पिशव्या हवा अडवतात, पावसाचे पाणी आत मुरते. दुसऱ्या पंगतीच्या जंतूंना याहून चांगला मांडव कुठे मिळणार? टाकल्यापासून काही महिन्यांत ती पंगत बसते आणि पुढे वीस-तीस वर्षे जेवत राहते. आज फेकलेल्या भाताचा वायू आपल्या नातवंडांच्या वेळीही निघत असतो.

वालूरलाही एक निराळे उदाहरण आहे. हे गाव बारवांचे. त्यांतली एक बारव अशी, की तिच्या पायऱ्या शंखाच्या वळणासारख्या फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरतात. दुरून माणसे ती पाहायला येतात. पण नळ आले, बारवेचे पाणी भरायला कोणी जाईना, आणि जिथे कोणी जात नाही तिथे कचरा जातो. गाळ आणि केरकचरा यांनी ती बुजत चालली होती. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनीच श्रमदान करून तो उपसला आणि बारव पुन्हा मोकळी केली. खेडे असो वा शहर, माणसाची खोड एकच: नजरेआड टाकले, की संपले असे त्याला वाटते. ते संपत नसते, साठत असते.

नाकाला न कळणारा वायू

कचराभूमीजवळून आगगाडी गेली, की आपण नाकाला रुमाल लावतो. गंमत अशी, की तो वास मिथेनचा नव्हे. तो गंधकयुक्त वायूंचा आणि कुजण्यातून निघणाऱ्या इतर पदार्थांचा. मिथेनला वास नाही, रंग नाही. कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायॉक्साइड असतो. पण नाक मात्र भलत्यालाच पकडते.

हा वायू पहिल्यांदा नीट हाताळला तो इटलीच्या व्होल्टाने, ज्याच्या नावावरून आपण विजेचा 'व्होल्ट' मोजतो. १७७६ मध्ये माजोरे सरोवराच्या काठी दलदलीत काठी ढवळून त्याने वर येणारे बुडबुडे बाटलीत गोळा केले आणि ते पेटवून पाहिले.

मिथेनचे धोके दोन, एक जवळचा आणि एक दूरचा. जवळचा धोका स्फोटाचा. हवेत त्याचे प्रमाण १०० भागांत ५ ते १५ भाग झाले, की एक ठिणगी पुरते. इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात लॉस्को नावाचे गाव आहे. तिथे विटांची माती काढून झालेली एक जुनी खाण कचऱ्याने भरली आणि वर माती पसरून दिली. झाले, प्रश्न मिटला! २४ मार्च १९८६ च्या पहाटे हवेचा दाब एकाएकी फार उतरला. बाहेरचा दाब कमी झाला, तसा जमिनीतला वायू खडकांच्या फटींतून वाट काढत जवळच्या एका बंगल्याखाली जमला. सकाळी साडेसहाच्या सुमारास पाणी तापवण्याच्या बंबाची ज्योत त्याला पुरली, आणि तो बंगला जमीनदोस्त झाला. तिघे जण जबर जखमी झाले. त्या घराने कचऱ्याशी काही केले नव्हते. ते नुसते शेजारी होते.

दूरचा धोका साऱ्या पृथ्वीला आहे. सूर्याची उष्णता अडवून धरण्यात मिथेन कार्बन डायॉक्साइडच्या फार पुढे आहे. शंभर वर्षांचा हिशेब केला तर वजनास वजन सुमारे २८ पट, आणि पहिल्या वीस वर्षांचाच केला तर ८० पटींहून अधिक. माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी सुमारे पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाणी यांतून जातो. २०२१ मध्ये ग्लासगो येथे अनेक राष्ट्रांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याची शपथ घेतली. भारताने त्या शपथेवर सही केली नाही. भाताची शेते आणि गुरे यांवर पोट असलेल्या देशाला ते सोपे नव्हते. पण कचऱ्याचा मिथेन कोणाच्या पोटाच्या आड येत नाही. तो कमी करण्यात कोणाचेच नुकसान नाही.

माटुंग्याचा दिवा

आता एक जुनी गोष्ट सांगते. मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम होता. तिथे १८९७ मध्ये मैला बंद टाकीत कुजवून त्यातून निघणारा वायू धरण्याची व्यवस्था झाली आणि तो दिव्यासाठी व यंत्र चालवण्यासाठी वापरला गेला. समाजाने ज्यांना दूर लोटले त्यांच्या आश्रमात, समाज ज्याचे नाव काढत नाही त्या मैल्यावर दिवा लागला! आजीच्या पणतीची मला इथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पुढे १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या शेती संशोधन संस्थेत शेणापासून वायू करण्याचे प्रयोग झाले. जशभाई पटेल यांनी १९५० च्या आसपास खेड्याला परवडेल असे गोबर गॅसचे यंत्र घडवले, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने नंतर ते देशभर नेले. कोकणात कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत करण्यासाठी आयुष्य वेचले.

म्हणजे हा वायू बंद टाकीत धरायचा कसा, हे मुंबईला १८९७ पासून ठाऊक होते. आणि तीसच वर्षांनी त्याच मुंबईने देवनारला तो उघड्यावर सोडायला आरंभ केला. अडचण ज्ञानाची नव्हती, सोयीची होती. गाडी भरून दूर नेऊन ओतणे सोपे पडत होते.

मोजायचा कसा?

न दिसणारा, न वास येणारा वायू मोजायचा कसा? त्याचे मार्ग मोठे मनोरंजक आहेत.

पहिला मार्ग पायी चालण्याचा. हातात वायू ओळखणारे यंत्र घ्यायचे, त्याची नळी जमिनीपासून पाच-दहा सेंटिमीटर वर धरायची आणि नांगराच्या तासांसारख्या समांतर रेघांनी सारी टेकडी पालथी घालायची. अमेरिकेत मोठ्या कचराभूमींवर सुमारे ३० मीटरच्या अंतराने अशा फेऱ्या दर तीन महिन्यांनी घालतात. हवेत दर दहा लाख भागांत ५०० भागांपेक्षा जास्त मिथेन सापडला, की ती भेग बुजवावी लागते. दुसरा मार्ग आमच्या स्वयंपाकघराला जवळचा: जमिनीवर घमेल्यासारखे बंद भांडे उपडे घालायचे आणि आत किती वेळात किती वायू साठतो ते पाहायचे. तिसरा, कुंपणालगत जमिनीत नळ्या पुरून वायू शेजाऱ्यांच्या घरांकडे सरकतो का, यावर पहारा ठेवायचा. लॉस्कोला हाच पहारा हवा होता. आपल्याकडे २००० च्या आणि पुढे २०१६ च्या नियमांतही असे लिहिले गेले, की कचराभूमीवर मिथेनचे प्रमाण स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे, म्हणजे हवेच्या सव्वा टक्क्यापलीकडे जाता कामा नये.

चौथा मार्ग आकाशातून. मिथेन सूर्यप्रकाशातले काही ठराविक किरण गिळतो. उपग्रह वरून पाहतो, की जमिनीवरून परतलेल्या उजेडात कोणते किरण कमी पडले, आणि त्यावरून वायूचा लोट ओळखतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी चार शहरांचा असा हिशेब मांडला: ब्वेनोस आयरेस, दिल्ली, लाहोर आणि आपली मुंबई. मुंबईच्या एका कचराभूमीतून तासाला सुमारे ९.८ टन मिथेन निघत असल्याचा त्यांचा अदमास होता. घरातल्या गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. वजनाच्या हिशेबाने हे झाले तासाला सुमारे ६९० सिलिंडर! आपण सिलिंडरचा भाव दहा रुपयांनी वाढला तर आठवडाभर बोलत असतो.

त्याच लेखातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. या शहरांतून निघणारा मिथेन सर्रास वापरल्या जाणाऱ्या कागदोपत्री अंदाजांच्या १.४ ते २.६ पट भरला. याचे कारण सरळ आहे. कागदावरचा अंदाज कचऱ्याच्या वजनावरून बांधतात. प्रत्यक्षात त्यात किती भाजी, किती ओल, किती खोल दाबलेले, यावर सारे अवलंबून असते. वाण्याच्या वहीवरून घरातले धान्य मोजावे, तसा हा प्रकार. डबा उघडून पाहिल्यावरच खरे कळते. अर्थात उपग्रहालाही ढगांतून दिसत नाही, आणि पावसाळ्यातच ओल वाढते. म्हणून आकाशातला डोळा आणि जमिनीवरचे पाय, दोन्ही हवेत.

डोंगराला नळ्या

मोजले, पुढे काय? जो कचरा साठून बसला आहे, त्याच्या पोटात भोके पाडून छिद्रांच्या नळ्या उभ्या बसवतात. त्या एका मोठ्या नळाला जोडतात, पंख्याने वायू ओढून घेतात, आणि तो एका उंच धुराड्याच्या तोंडाशी जाळतात किंवा त्यावर वीज करतात.

तुम्ही म्हणाल, जाळला म्हणजे धूरच ना? इथे हिशेब समजून घ्यायला हवा. १ टन मिथेन जाळला तर पावणेतीन टन कार्बन डायॉक्साइड होतो. न जाळता सोडला, तर तो २८ टन कार्बन डायॉक्साइडची कामगिरी करतो. म्हणजे नुसती ज्योत लावली तरी त्रास दहाव्या हिश्श्यावर येतो. पणतीचे काम ते हेच!

मुंबईत गोराईला हे घडले. खाडीकाठची ती सुमारे २० हेक्टर जागा १९७२ पासून कचऱ्याखाली होती. काही ठिकाणी ढीग २६ मीटरपर्यंत चढले होते. २००७ अखेर तिथे कचरा टाकणे थांबले. मग उतार नीट करून, वर जाड पडदा आणि माती घालून, हिरवळ लावून २००९ पर्यंत ती शास्त्रीय रीतीने बंद केली, आणि वायू गोळा करून जाळण्याची सोय झाली. जिथे लोक नाक दाबून जात, तिथे गवत उगवले.

परंतु या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नळ्यांनी सारा वायू हाती लागत नाही. नळ्या बसेपर्यंतच्या वर्षांतला तर गेलेलाच असतो. आपल्या कचऱ्यात पाणी आणि अन्न फार. त्यामुळे वायू लवकर उसळतो आणि लवकर ओसरतो, आणि थंड देशांतल्या कचऱ्यावरून बांधलेले अंदाज इथे फसतात. पावसाळ्यात नळ्यांत पाणी भरते. शिवाय पंखा हलका चालवला तर वायू बाहेर निसटतो, आणि फार जोरात चालवला तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन डोंगराच्या पोटात आग लागते. दुधाच्या पातेल्याप्रमाणे तिथे उभे राहावे लागते. प्रत्येक नळीतला प्राणवायू आणि उष्णता वरचेवर पाहणारा माणूस नसेल, तर लाखोंची यंत्रणा शोभेची ठरते.

एक सोपा उपाय मात्र आजीला आवडला असता. ढिगावर चांगल्या कुजलेल्या खताचा थर पसरला, तर त्यात मिथेनच खाऊन जगणारे जंतू वाढतात आणि खालून येणारा बराचसा वायू ते वाटेतच फस्त करतात. उकिरड्याचे खत उकिरड्याच्याच कामी येते!

खरी किल्ली ओट्याखाली

आणि नवा कचरा? तो टाकायचा कुठे? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी गेला. तिथल्या गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. आमच्या मराठवाड्यात औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, कचरा नारेगावला जाई. २०१८ च्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी 'आता पुरे' म्हटले, आणि शहराचे रस्ते कचऱ्याने भरून गेले. ज्यांच्या दारात आपण घाण ओतली त्यांनी एके दिवशी दार लावून घेतले, यात त्यांचे काय चुकले?

कुजण्याच्या वाटा तीनच आहेत. हवा देऊन कुजवा, खत मिळते. हवा तोडून बंद टाकीत कुजवा, गॅस मिळतो. आणि हवा तोडून उघड्या आभाळाखाली कुजवा, तर आग मिळते. तिसरी वाट आपण निवडतो कधी? ज्या क्षणी आमटीचा उरलेला भात आणि दुधाची पिशवी आपण एकाच डब्यात टाकतो, त्या क्षणी. कालवलेल्या कचऱ्याचे खतही नीट होत नाही आणि गॅसही नाही. पुढे कितीही मोठे यंत्र आणा, ओट्याखाली झालेली चूक ते पुरती निस्तरू शकत नाही.

उलट, वेगळा ठेवलेला ओला कचरा म्हणजे धन आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचे यंत्र विकसित केले; त्यात ओला कचरा आधी हवेत आणि मग हवेवाचून कुजवून गॅस व खत मिळवतात. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घराच्या गच्चीत मावेल असे गॅसचे छोटे यंत्र केले. उरलेले अन्न शेणापेक्षा कितीतरी अधिक गॅस देते, कारण शेणातले सत्त्व गाईने आधीच पचवलेले असते, हा साधा विचार त्यामागे होता. त्या कामाला २००६ मध्ये इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. आणि कोकणातल्या वेंगुर्ल्याने तर कमाल केली. त्या नगरपालिकेने घराघरांतून कचरा वेगवेगळा घेतला, ओल्याचा गॅस आणि खत केले, सुका विकला, आणि जुनी कचराभूमी अशी पालटली, की लोक ती पाहायला सहलीने येऊ लागले.

आमच्या इमारतीचे काय, असे तुम्ही विचाराल. त्या धुरानंतर मी सभेत विषय काढला. "अहो, आपण वेगळा केला तरी खाली गाडीत सगळा एकत्रच ओततात!" एका शेजाऱ्यांनी सांगितले, आणि त्यात तथ्य होते, मी स्वतः वरून पाहिले होते. मग आम्ही ठरवले, की ओला कचरा गाडीत द्यायचाच नाही. मागच्या बोळात विटांचे जाळीदार दोन हौद बांधले. ओला कचरा, त्यावर वाळका पाला, पुन्हा ओला. आठवड्याला एकदा खालीवर करणे. पहिल्या महिन्यात चिलटे झाली, कुरबुरी झाल्या, दोन घरांनी अंग काढून घेतले. पाल्याचे प्रमाण वाढवले, तशी चिलटे गेली. चौथ्या महिन्यात एक हौद उघडला तेव्हा आत काळेभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचे खत होते. अंग काढून घेतलेली दोन्ही घरे कुंड्यांसाठी पिशव्या घेऊन हजर! एका इमारतीने देवनारचा डोंगर हलत नाही, हे मला कळते. पण त्या डोंगरात आमच्या घरचा भात आता नाही, एवढे मी मुलीला सांगू शकते.

बारा वर्षांचा पांग

शेवटी एक आशेची गोष्ट. कार्बन डायॉक्साइडचा बराच भाग हवेत शेकडो वर्षे ठाण मांडून बसतो. मिथेन तसा नाही. हवेतच त्याचा हळूहळू नाश होत जातो, आणि त्याचे आयुष्य सरासरी दहा-बारा वर्षांचे असते. आज आपण त्याची भर घालणे कमी केले, तर त्याचे फळ पाहायला पुढच्या पिढीची वाट पाहावी लागणार नाही. आज शाळेत जाणारे मूल कमावते होईपर्यंत हवेत फरक पडलेला असेल. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आजी म्हणे. तिने हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेत मोजला नव्हता. पण हिशेब किती जुळला पाहा!

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे वालूरला गेलो होतो. आजी आता नाही. मामांचे वय झाले आहे. उकिरडा लहान झाला आहे, गुरेच दोन उरली आहेत. लक्ष्मीपूजन झाले. केरसुणीला हळदकुंकू वाहून झाले. मामींनी पणत्यांचे तबक माझ्या मुलीच्या हाती दिले. तुळशीपाशी, गोठ्यात, विहिरीवर अशी ती फिरली आणि शेवटी परसामागे गेली. तिने विचारले नाही, 'घाणीवर कशाला?' त्या रात्री खोकून बेजार झालेली पोर ती. आता मोठी झाली आहे. तिने वाकून पणती ठेवली, वाऱ्याने विझू नये म्हणून ओंजळीचा आडोसा केला, आणि ज्योत स्थिर झाल्यावरच ती उठली.